सुचतं, पण लिहवत नाही

या वेळची सगळी पत्रं कथा-कादंबरी लिहिणाऱ्यांची आहेत आणि जवळपास सगळ्यांची तक्रार थकव्याची आहे. पत्रं संक्षिप्त केली आहेत, नावं गाळली आहेत. दोन उत्तरं बरीच लांबली, कारण ते प्रश्न दोन ओळींत मिटणारे नव्हते.

प्रश्न : कादंबरीचे साठ हजार शब्द लिहून झाले. शेवट काय होणार हेही ठरलंय. तरी गेले तीन महिने फाइल उघडली की ती अंगावर येते, दहा मिनिटांत बंद करतो. हा रायटर्स ब्लॉक, बर्नआउट, की सरळसरळ आळस?

आळस नक्की नाही. आळशी माणूस फाइल उघडली नाही म्हणून पत्र लिहीत बसत नाही.

उरलेल्या दोघांतला फरक कामाचा आहे, कारण दोन्हींचे उपाय उलटे आहेत. ब्लॉक हे बहुतेकदा संहितेचं दुखणं असतं. पुढचा प्रसंग दिसत नाही, पात्र ऐकत नाही, पण दुसरं काही लिहायला घेतलं तर हात चालतो. अशा वेळी सुट्टी घेऊन फायदा नाही, संहितेत शिरून दोष शोधावा लागतो. बर्नआउट हे लिहिणाऱ्याचं दुखणं. तिथे संहितेत जितकं शिराल तितकं ते वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या दीर्घकाळ आटोक्यात न आलेल्या ताणातून येणारी अवस्था असं त्याचं वर्णन आहे. लक्षणं तीन दिली आहेत : शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटत राहणं. ही व्याख्या नोकरी-व्यवसायापुरती आहे हे खरं, पण मानधन मिळो न मिळो, कादंबरी हे कामच आहे. लेखकाच्या बाबतीत दुसरं लक्षण सगळ्यांत बोलकं असतं. स्वतःच्याच पात्रांचा राग येऊ लागतो, ‘हे वाचणार कोण’ हा विचार प्रत्येक परिच्छेदाला आडवा येतो.

नेमकं काय झालंय ते तीन दिवसांत तपासता येतं. पहिल्या दिवशी कादंबरीशी काडीचा संबंध नसलेलं काहीतरी पंधरा मिनिटं हाताने लिहा. समोरची खिडकी, एखाद्याचं चालणं, काहीही. दुसऱ्या दिवशी शेवटची दोन प्रकरणं वाचा. हातात पेन घ्यायचं नाही, एक शब्दही सुधारायचा नाही. तिसऱ्या दिवशी पुढचा प्रसंग फोनवर पाच मिनिटं बोलून रेकॉर्ड करा, मित्राला सांगतो तसा.

पहिल्या दिवशी सहज लिहिलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी वाचताना एका ठराविक पानापासून कंटाळा आला, तर अडचण संहितेत आहे. ती जिथे थांबलात तिथे क्वचितच असते. पाच-दहा हजार शब्द मागे जा. तिथे कुठेतरी पात्राने त्याच्या स्वभावाला धरून वागायचं सोडून कथानकाच्या सोयीसाठी निर्णय घेतलेला सापडेल, आणि तेव्हापासून तुम्ही ती सोय सांभाळत लिहीत असाल. तो निर्णय बदला. मधली पानं फेकू नका, वेगळ्या फाइलमध्ये ठेवा.

बोलताना प्रसंग घडाघडा आला पण टंकताना अडतो, तर थकला आहे तो तुमच्यातला परीक्षक. आमच्या मते लेखकांच्या थकव्याचं हे सगळ्यांत मोठं आणि सगळ्यांत कमी ओळखलं जाणारं कारण आहे. लिहिणं फारसं दमवत नाही. लिहिता लिहिता प्रत्येक वाक्याला गुण देत राहणं दमवतं. त्यात साठ हजार शब्दांनंतर डोक्यावर आणखी एक ओझं असतं : कोणाचं वय काय, कोणत्या महिन्यात काय घडलं, कोणतं गुपित कोणाला ठाऊक आहे. हे सगळं तुम्ही रोज आठवणीत बाळगून बसता. ते कागदावर उतरवा. चार रकाने पुरतात : पात्र आणि त्याचं वय, घटना आणि तिची तारीख, कोणाला काय कोणत्या प्रकरणात कळलं, आणि अजून न सुटलेले धागे. दोन-तीन बैठकांचं रटाळ काम आहे, पण थकलेल्या अवस्थेतही जमतं, आणि त्यानंतर फाइल पूर्वीइतकी जड वाटत नाही.

तिन्ही दिवस कोरडे गेले तर थांबा आणि पुढचं उत्तर वाचा.

एक शंका मात्र राहते. तुमचा शेवट ‘ठरलाय’. काही लेखकांना आराखडा आधार देतो, तर काहींचा रस त्यानेच आटतो. सगळं ठाऊक झाल्यावर उरते ती नुसती मजुरी. तुम्ही दुसऱ्या जातीचे असाल तर शेवटाच्या प्रसंगातला एक मुद्दा मुद्दाम मोकळा सोडा. उदाहरणार्थ, तो कबुली देतो हे ठरलेलं असू द्या, पण कोणाजवळ देतो हे ठरवू नका.

प्रश्न : लेखन महिनाभर पूर्ण बंद ठेवलं. ताजंतवानं वाटेल असं वाटलं होतं. परत बसले तर दुसऱ्याच दिवशी पुन्हा तेच. विश्रांतीने फरक का पडला नाही?

दोन शक्यता आहेत. एक, ती विश्रांती नव्हती. रोज ‘आज लिहिलं नाही’ अशी नोंद मनात होत असेल, इतर लेखकांच्या नव्या पुस्तकांच्या पोस्ट पाहणं चालू असेल, तर हात थांबले होते, ताण चालूच होता. सुट्टीला आधी ठरवलेली शेवटची तारीख हवी. उघडी सुट्टी म्हणजे रोज नव्याने घ्यायचा निर्णय, आणि थकलेल्या माणसाला निर्णय घेणं हेच सगळ्यांत महागात पडतं. संहिता संगणकाच्या पडद्यावरून हलवून आतल्या एखाद्या फोल्डरमध्ये टाकायची. सुचलंच काही तर एका वहीत एक ओळ लिहायची, दुसरी नाही.

दुसरी शक्यता जास्त संभवते. विश्रांती नीट झाली, पण परतलात ती त्याच बैठकीत : तीच वेळ, तोच शब्दांचा आकडा, तीच लिहिता लिहिता खोडायची सवय. ज्या रचनेने दमवलं तिच्यात ताज्या माणसाला बसवलं तर तोही दमणार. त्यामुळे परतीची चढण मुद्दाम सावकाश ठेवावी लागते. चार आठवड्यांचा हा क्रम बहुतेकांना झेपतो :

पहिला आठवडा. चार दिवस, प्रत्येकी पंधरा मिनिटं, हाताने. कादंबरीला हात लावायचा नाही. लिहिलेलं वाचायचं नाही, कोणाला दाखवायचं तर नाहीच.

दुसरा आठवडा. चार दिवस, वीस मिनिटं. आता कादंबरीकडे वळायचं, पण वाक्यं लिहायची नाहीत. शिल्लक प्रसंग एकेका कार्डावर एकेका ओळीत लिहा : कोण, कुठे, कोणाला काय हवं आहे, आड काय येतं. ज्या कार्डावर ‘काय हवं आहे’ भरता येत नाही, तो प्रसंग बहुधा लागणारच नाही. तसे दोन-तीन निघाले तर कादंबरी आपोआप हलकी होते.

तिसरा आठवडा. सगळ्यांत जास्त खुणावणारं कार्ड उचला, ते क्रमाने पुढचं असायची गरज नाही. रोज १५० शब्दांची मर्यादा. मर्यादा म्हणतोय, उद्दिष्ट नव्हे. १५० झाले की वाक्य अर्धं असलं तरी उठायचं.

चौथा आठवडा. पाच दिवस, मर्यादा २५० शब्द. यापुढे किमान दोन महिने इथेच राहा.

लोक चुकतात ते तिसऱ्या आठवड्यात. एखाद्या दिवशी झरा फुटतो, ‘आता कशाला थांबू’ म्हणून दोन हजार शब्द लिहिले जातात, पुढचे तीन दिवस कोरडे जातात आणि चौथ्या दिवशी ‘माझं संपलंच’ हा निष्कर्ष निघतो. सुरुवातीच्या काळात चांगला दिवस वाईट दिवसापेक्षा जास्त धोक्याचा असतो. २५० शब्दांना हसू नका. आठवड्याचे पाच दिवस धरले तर १,२५० होतात, वर्षाचे ४८ आठवडे धरले तर ६०,०००. चार आठवडे सुट्टीसाठी राहतात, ते वेगळेच.

उठताना दोन गोष्टी करून ठेवा. उद्याचं पहिलं वाक्य काय असेल ते एका ओळीत लिहा. पुढचं ठाऊक असताना थांबलं की दुसऱ्या दिवशी कोऱ्या पडद्याशी झुंजावं लागत नाही. आणि बसल्यावर मागचा फक्त शेवटचा परिच्छेद वाचा. पहिल्या प्रकरणापासून वाचत येणारे लेखक लिहायच्या जागी पोचेपर्यंत दमलेले असतात, शिवाय त्यांचं पहिलं प्रकरण चाळीस वेळा घासलेलं आणि विसावं अजून कच्चं, असं होतं. खोडणं आणि सुधारणं यासाठी वेगळे दिवस ठेवा. लिहिताना शंका आली तर समासात फुली मारून पुढे जा. ‘इथे तपशील तपासणे’ असं चौकटी कंसात लिहून ठेवणं हाही सन्माननीय मार्ग आहे.

प्रश्न : ऑनलाइन कथामालिका लिहितो. दर आठवड्याला अडीच हजार शब्दांचा भाग. वाचक ‘पुढचा भाग कधी’ विचारत राहतात. थांबलो तर वाचक जातील, नाही थांबलो तर मीच जाईन.

थांबा. पण न सांगता गायब होऊ नका, वाचक तुटतात ते त्याने. सूचनेत तीन गोष्टी असाव्यात : मालिका चालू राहणार आहे, पुढचा भाग अमुक तारखेला येईल, तोवर उत्तरं देणार नाही. कारणांचा पाढा वाचू नका. लांबलचक माफीनाम्याखाली दोनशे प्रतिक्रिया येतात आणि मग त्यांना उत्तरं देणं हे नवीन काम होऊन बसतं.

तुमची मूळ अडचण साठा शून्य असण्याची आहे. लिहिलं की लगेच प्रसिद्ध, म्हणजे एक ताप आला तरी मालिका बुडते, आणि ती भीती सातही दिवस सोबत असते. साठा चालू मालिकेत तयार होत नाही, कारण जेवढं निघतं तेवढंच खर्च होतं. म्हणून सहा आठवड्यांचा खंड जाहीर करा. पहिले दोन आठवडे काहीही लिहायचं नाही. पुढच्या चार आठवड्यांत चार भाग लिहा, पण प्रत्येकी दीड हजार शब्दांचे. मग पंधरवड्याला एक या गतीने सुरू करा. पंधरवड्याला एकच भाग लिहायचा असल्याने चारांचा साठा तसाच राहतो. तो दोनावर आला की पुढचा खंड जाहीर करायचा, शून्याची वाट पाहायची नाही. खंड घ्यायला कथेतली जागाही नीट निवडा. उत्कंठेच्या टोकावर थांबलात तर वाचक छळतील. एखादा प्रश्न सुटून नवा उघडायच्या आधीची जागा बरी.

प्रतिक्रिया वाचायला आठवड्यातून एक ठरलेला अर्धा तास पुरे, आणि तो लेखनानंतरचा. भाग प्रसिद्ध केल्यावर पहिले चोवीस तास पाहूच नका. वाचकांच्या अंदाजांकडे बघून कथानक वळवायची सवय लागली असेल तर तीही थकव्याचं कारण आहे. एका कथेचे शंभर सहलेखक कोणालाच झेपत नाहीत.

प्रश्न : नोकरीच लेखनाची आहे, दिवसभर जाहिरातींचा आणि संकेतस्थळांचा मजकूर. रात्री कथेसाठी बसले की एक वाक्य सरळ येत नाही.

रात्री येणारही नाही. आठ तास शब्द निवडून झाल्यावर तीच शक्ती पुन्हा मागताय. नोकरीच्या आधीची पंचवीस मिनिटं बघा, आठवड्यातून तीन दिवस. सकाळ अशक्य असेल तर रात्री लिहू नका, रात्री बोला : प्रसंग रेकॉर्ड करा आणि सुट्टीच्या दिवशी उतरवून घ्या. उतरवणं हे निम्मं यांत्रिक काम आहे, त्यात मजकूर आपोआप सुधारतो.

साधनंही वेगळी ठेवा. त्याच संगणकावर, त्याच टंकात, त्याच खुर्चीत बसलात की नोकरीतली भाषा सोबत येते : आटोपशीर, गुळगुळीत, प्रत्येक वाक्य काहीतरी विकणारं. वही आणि पेन हा साधा उपाय आहे. आणि नोकरीच्या मजकुरात कलात्मकता ओतणं कमी करा. तिथे ‘चांगलं’ पुरेसं असतं. ‘उत्कृष्ट’ कोणी मागितलेलं नसताना देत असाल तर ते कथेच्या वाट्यातून जातं.

प्रश्न : लिहिणं सोडा, आता कथा वाचवतही नाही. दोन पानांत लेखकाच्या युक्त्या दिसायला लागतात.

हे बर्नआउटमध्ये फार सामान्य आहे, कायमचं नसतं. काही काळ कथा बाजूला ठेवा. तुमच्या लेखनाशी संबंध नसलेलं वाचा : पक्षी, पूल, कायदा, जुनी पत्रं. कविता चालत असेल तर उत्तम. परत कथेकडे येताना किशोरांसाठी लिहिलेली एखादी किंवा लहानपणी आवडलेली कथा घ्या, आणि शक्यतो ऐका. कानाने ऐकताना मागे जाऊन वाक्य तपासता येत नाही.

प्रश्न : थकलेलो असताना एआयकडून कच्चा खर्डा करून घ्यावा का?

वर म्हटलेला चार रकान्यांचा तक्ता बनवायला, तारखांची विसंगती शोधायला जरूर वापरा. फक्त निघालेला तक्ता मूळ पानांशी ताडून पाहा, कारण न घडलेल्या घटनाही त्यात बिनधास्त येतात. खर्ड्यासाठी मात्र नको, आणि याचं कारण नैतिक नाही. तयार खर्डा हातात आला की तुमच्याकडे उरतं ते तपासणं आणि दुरुस्त करणं. थकलेला भाग नेमका तोच आहे. सुचण्यातला आनंद यंत्राला दिलात आणि परीक्षकाची पाळी स्वतःकडे ठेवलीत, असा तो व्यवहार होतो.

प्रश्न : हा थकवा लेखनाचा आहे की डॉक्टरांकडे जावं असा, हे कसं ओळखायचं?

लेखनाचा थकवा लेखनापाशी थांबतो. मित्र भेटला की बरं वाटतं, गाणं ऐकावंसं वाटतं, भूक लागते. जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन उदास आहे किंवा कशातच रस वाटत नाही, झोप-भूक बिघडली आहे, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं आहे, तर तो लेखनाचा प्रश्न समजू नका, डॉक्टरांना दाखवा. स्वतःला इजा करण्याचा विचार आला तर दोन आठवडेही थांबायचं नाही; त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि मदत घ्या. शारीरिक कारणंही असू शकतात. रक्तक्षय, थायरॉइडचे विकार, झोपेत श्वास अडखळणं, काही औषधं यांनीही असाच थकवा येतो आणि लक्ष लागत नाही. साध्या तपासण्यांनी यातलं बरंचसं कळतं. ‘कलावंताचं मन असंच असतं’ म्हणून वर्ष वाया घालवणारे पुष्कळ आहेत. डॉक्टरांना सांगताना ‘लिहवत नाही’ एवढंच सांगू नका. झोपेचे तास, भूक, वजन, कधीपासून, हे लिहून न्या.

प्रश्न : ही कादंबरी सोडून द्यावी का? चार वर्षं दिली आहेत, म्हणून सोडवत नाही.

चार वर्षं दिली हे पुढे चालू ठेवायचं कारण होऊ शकत नाही, ती वर्षं कादंबरी सोडली तरी गेली आणि नाही सोडली तरी गेली. विचारायचा प्रश्न असा : आज या कादंबरीचं एक पानही लिहिलेलं नसतं, तर हा विषय तुम्ही आज निवडला असता का? ‘हो’ आलं तर थकवा उतरू द्या, सोडू नका. ‘नाही’ आलं तरी पंधरा दिवस थांबून पुन्हा विचारा. पूर्ण थकलेल्या अवस्थेत घेतलेला निर्णय फक्त थकव्याबद्दल असतो.

दोन्ही वेळा ‘नाही’ आलं तर रीतसर बंद करा. अर्धवट उघडी राहिलेली संहिता पुढच्या कामावरही बसून राहते. एका पानाची नोंद लिहा : काय चांगलं जमलं, कुठे अडलं, कोणती पात्रं आणि प्रसंग दुसरीकडे वापरता येतील. ते प्रसंग वेगळ्या फाइलमध्ये काढून घ्या. साठ हजार शब्दांतून एक-दोन स्वतंत्र कथा निघणं मुळीच दुर्मीळ नाही, बहुधा एखाद्या दुय्यम पात्राभोवतीच्या. पूर्ण संहितेच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, फाइलच्या नावात तारीख घाला. ज्यांना कादंबरीबद्दल सांगितलं होतं त्यांना एका वाक्यात कळवा, म्हणजे दर भेटीत ‘कुठवर आली’ हे ऐकावं लागणार नाही. आणि पुढचा महिनाभर नवी कादंबरी सुरू करू नका, कितीही सुचली तरी. दोन हजार शब्दांच्या आतली, दोन पात्रांची एखादी गोष्ट लिहा आणि ती पूर्ण करा.